‘कान चांगले आहेत !’

ज्याला मुळींच ऐकूं येत नाहीं त्याची जगाला दया येते. ज्याला सगळें ऐकूं येतें त्याच्याविषयीं प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु ज्याला ऐकूं येतें पण उमगत नाहीं, आणि बाहेर सामसूम झाली कीं ज्याच्या कानांत रातकिडे ओरडूं लागतात, त्याला मात्र जग लबाड समजतें. या शेवटल्या वर्गांत आम्ही मोडतों. हें आरंभींच सांगून टाकणें बरें. पुढील मजकुरांत तटस्थपणा कमी पडला तर त्याचें कारण वाचकांस ठाऊक असावें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शहरांतील कानाच्या डॉक्टरांनीं आम्हांस बंद खोलींत बसवून, कानांवर यंत्र चढवून, बारीकमोठे स्वर ऐकविले, कागदावर आलेख काढला, आणि ‘कान चांगले आहेत, वयाच्या मानानें उत्तमच आहेत’ असा निकाल दिला. ‘मग कानांत अष्टौप्रहर शिटी वाजते तिचें काय ?’ असें आम्हीं विचारलें. ‘तिकडे लक्ष देऊं नका,’ असें ते म्हणाले. आणि आणखीहि कांहीं म्हणाले, परंतु तें डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरींत आम्हांस कळलें नाहीं. पुन्हां विचारण्याची लाज वाटली. ज्याचे कान उत्तम असल्याचें नुकतेंच लेखी ठरलें आहे, त्यानें ‘काय म्हणालांत ?’ असें कोणत्या तोंडानें विचारावें ?

या उत्तम कानांनिशीं आम्ही हर्णे येथें राहतों. हर्ण्याचा लिलाव ज्यांनीं पाहिला आहे त्यांस वर्णन नको. दिवस कलूं लागला म्हणजे समोर सुवर्णदुर्ग आणि अलीकडे पुळणीवर मासळीचे ढीग, भोंवतीं माणसांचीं कडीं, बर्फ फुटण्याचा आवाज, टेंपोचे कर्णे, परतणाऱ्या होड्यांचीं इंजिनें, आणि या सर्वांच्या वर चढलेली बोली. आमच्या शेजारच्या एक काकी तीस वर्षें या कड्यांत उभ्या राहून मासळी घेत व दापोलीस नेऊन विकीत. एके दिवशीं सुरमईच्या ढिगाची बोली तीसशेंवर गेली असतां काकींनीं खणखणीत आवाजांत ‘एकवीसशें’ म्हटलें. त्यांना वीसशें ऐकूं आले होते. सगळें कडें हंसलें. ‘काकी, कान घरीं ठेवून आलांत वाटतें !’ असें कोणी म्हणालें, तें मात्र त्यांना बरोबर ऐकूं गेलें. असेंच पुढें दोनतीन वेळां झालें, आणि एकदां तर गैरसमजानें त्यांनीं आपलीच बोली आपण वाढविली. हल्लीं काकी लिलावांत उभ्या राहत नाहींत. दुसरीनें घेतलेल्या मालांतून वाटा घेतात आणि मधला नफा तिला देतात. काकींस कोणीहि बहिरी म्हणणार नाहीं. घरांत समोर बसून आम्ही बोलतों तेव्हां त्यांना प्रत्येक शब्द कळतो. तरीहि तीस वर्षांचा धंदा ‘त’ आणि ‘व’ या दोन अक्षरांच्या मधल्या फटींत बुडाला.

हें कसें होतें तें समजून घेण्यासारखें आहे. बोलण्यांतला जोर स्वरांत असतो, अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. आ, ई, ओ हे स्वर भरदार आणि खालच्या पट्टीचे. स, श, त, फ हीं व्यंजनें क्षीण आणि उंच पट्टीचीं. वयानें किंवा गोंगाटानें कान झिजतो तो उंच पट्टीपासून. म्हणून ‘ईस’ एवढेंच कानीं पडतें, कित्येकदां नुसता ‘ई’च, आणि आरंभीं तीस होतें कीं वीस हें अटकळीनें ठरवावें लागतें. सहा कीं दहा, सात कीं साठ, हाहि तोच प्रकार. आवाज पोंचत असल्यामुळें ऐकणारास आपण ऐकलें असेंच वाटतें. दिवसभर अशा अटकळी बांधून संध्याकाळीं जो थकवा येतो तो वजन उचलल्याच्या थकव्याहून निराळा नसतो. घरचीं माणसें त्याला तिरसटपणा म्हणतात.

आतां डॉक्टरांचा तो कागद. त्या बंद खोलींत शांतता असते, एका वेळीं एकच शुद्ध स्वर वाजतो, आणि तो ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें. ही परीक्षा निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावांचून मोठे दोष कळलेच नसते. परंतु होडी पुळणीवर कोरडी ठेवून तिच्यांत पाणी शिरतें कीं नाहीं हें पाहण्यासारखीच ती आहे. आमची तक्रार गोंगाटांतली, परीक्षा शांततेंतली. आणि हा केवळ आमचा हट्ट नव्हे. अमेरिकेंत शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनीं २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांस दोन तास मोठा आवाज ऐकविल्यावर कांहीं दिवसांत त्यांचें ऐकणें मापानें पूर्ववत् झालें. कागदावर कान चांगले ठरले. परंतु कान उघडून पाहतां उंच स्वरांच्या भागांत, केशपेशींस मज्जातंतूशीं जोडणारे जे सूक्ष्म सांधे असतात त्यांतले जवळजवळ निम्मे कायमचे गेलेले होते. मनुष्याच्या बाबतींत याचा कितपत संबंध लावावा याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे, आणि तो व्हावाच. मात्र मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांतहि वयाबरोबर अशी तूट वाढलेली आढळली आहे. निदान ‘आलेख सरळ, म्हणजे कान शाबूत’ हें समीकरण यापुढें डोळे मिटून मांडतां येणार नाहीं. गोंगाटांत वाक्यें ऐकवून पाहण्याच्या परीक्षा जगांत आहेत. त्या तालुक्याच्या गांवीं कां नसाव्यात ?

गंमत ही कीं जुन्यांना हा भेद माहीत होता. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यांत प्रणाद निराळा, क्ष्वेड निराळा आणि बाधिर्य निराळें. कानांतला नाद म्हणजे बहिरेपण नव्हे, पण तो रोग आहे, एवढी गोष्ट त्यानें मान्य केली होती. आमच्या २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें आहेत. कानांतल्या नादाला त्यांत स्थान नाहीं. ऐकण्याची तूट दोन्ही कानांत ६० डेसिबलांपर्यंत गेली म्हणजे मनुष्य ‘कमी ऐकणारा’ आणि ७० ला पोंचली म्हणजे ‘बहिरा’. कायद्याला कोठेंतरी रेघ मारावीच लागते, हें आम्हांस कळतें, आणि सवलतींसाठीं आम्ही पदर पसरीत नाहीं. आमचें भांडण निराळें आहे. लोक त्या रेघेलाच सत्य समजूं लागले आहेत. रेघेच्या अलीकडचा जो तो ढोंगी! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या अहवालांत सौम्य तूट २० डेसिबलांपासून धरली आहे. वीस आणि साठ यांच्या मधल्या माणसांनीं कोठें उभें राहावें ?

राहतां राहिले उपदेशक, आणि त्यांची गांवांत कमतरता नाहीं. एक स्नेही आमची हकीकत ऐकून हात जोडते झाले. हा अनाहत नाद आहे, योग्यांना बारा वर्षांच्या साधनेनें मिळतो तो तुम्हांस घरबसल्या मिळाला, असें त्यांचें म्हणणें. योग्यांचा नाद कसा असतो आम्हांस माहीत नाहीं. आमचा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे, आणि तो एका सर्दीनंतर सुरू झाला. दुसरे गृहस्थ तेलाची बाटली घेऊन आले. तिसरे शिकलेले. त्यांचा आक्षेप अधिक भारी असल्यामुळें त्याला उत्तर दिलें पाहिजे. ते म्हणतात, असा आवाज सर्वांनाच येतो, तुम्ही त्याचा बाऊ करतां. त्यांच्या बाजूला पुरावा आहे. १९५३ सालीं हेलर व बर्गमन यांनीं कान निकोप असलेल्या ८० माणसांस पांच पांच मिनिटें आवाजबंद खोलींत बसविलें, तेव्हां शेंकडा ९४ जणांना कांहीं ना कांहीं नाद ऐकूं आला. ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. परंतु पांच मिनिटांनीं ते खोलीबाहेर आले.

‘लक्ष देऊं नका’ हा उपदेश खोटा नाहीं, हेंहि आम्ही मान्य करतों. बाहेरून येणारा आवाज कमी पडूं लागला म्हणजे मेंदू आपली पट्टी चढवितो व त्यांतून हा नाद निर्माण होतो, असें आज बहुतेक जाणते मानतात. तो घालविणारें सिद्ध झालेलें औषध नाहीं. भोंवतीं मंद आवाज ठेवणें आणि मनाला पद्धतशीर वळण देणें यांनीं त्याचा जाच कमी होतो. आम्हांस हें पुस्तकाआधीं समुद्रानें शिकविलें. खिडकी उघडी ठेवून लाटांच्या आवाजांत आम्ही निजतों. पुण्यास नातलगांकडे काचा लावलेल्या खोलींत एक रात्र काढणें म्हणजे शिक्षा. पण वळण देणें हें शिकविण्याचें काम आहे. त्याला वेळ लागतो, शिकविणारा लागतो. दार उघडून धरून ‘लक्ष देऊं नका’ म्हणणें ही चिकित्सा नव्हे. तो निरोप आहे.

बेथोव्हेननें १८०१ सालीं आपल्या वेगेलर नांवाच्या वैद्य मित्रास लिहिलेल्या पत्रांत हें सारें आहे. कान रात्रंदिवस गुणगुणतात. हळू बोलणाराचा आवाज कळतो पण शब्द कळत नाहींत. आणि कोणी ओरडलें तर तें सहन होत नाहीं. दोन वर्षें त्यानें मंडळींत जाणें टाळलें होतें, कारण मला ऐकूं येत नाहीं असें लोकांस सांगणें त्याला शक्य वाटेना. ‘मोठ्यानें बोला म्हणजे झालें’ असें समजणारांनीं यांतलें ओरडण्याविषयींचें वाक्य ध्यानांत ठेवावें. झिजलेल्या कानाला हळू बोलणें पोंचत नाहीं आणि मोठें बोलणें टोंचतें. मधली जागा अरुंद होत जाते. त्याला हवें असतें तें तोंडासमोर येऊन, सावकाश, एका वेळीं एकानें बोलणें. आणि दोनदां विचारल्यावर ‘जाऊं द्या, विशेष कांहीं नाहीं’ हें उत्तर कृपा करून कोणीं देऊं नये. काय विशेष नव्हतें हें ठरविण्याचा अधिकार ऐकणाराचा असतो. हंसत्या मंडळींत बसून, कशाला हंसले हें न कळतां, आम्ही किती वेळां हंसलों आहों याची आम्हांस आतां मोजदाद राहिलेली नाहीं.

पण आम्ही म्हातारपणाकडे झुकलेलीं माणसें; खरी काळजी होड्यांवरच्या पोरांची आहे. यांत्रिक होडीवर इंजिनाशेजारीं उभें राहून हातभर अंतरावरच्या खलाशास कांहीं सांगावयाचें तर ओरडावें लागतें. जेथें हातभर अंतरावर ओरडावें लागतें तेथला आवाज कानाला घातक असतो, हा साधा ठोकताळा आहे. आणि मनुष्याच्या कानांतल्या केशपेशी एकदां गेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. गोंगाटानें येणारें बहिरेपण १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या रोगांच्या यादींत आलें, कारण गिरणींतल्या कामगाराच्या मागें कोणी तरी बोलणारें होतें. होडी म्हणजे कारखाना नव्हे. खलाशाचे कान कोण मोजतो? पाजपंढरीकडचे एक तांडेल आम्हांस सांगत होते कीं १ जूनला मासेमारी बंद झाली म्हणजे ३१ जुलैपर्यंत त्यांना रात्रीं पाऊस थांबला कीं इंजिन ऐकूं येतें. पहिल्या वर्षीं ते दोनदां उठून दाराबाहेर पाहून आले होते. त्यांचें वय चाळिशीच्या आंत आहे. त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. तांडेलाचे कान गेले असें झालें तर खलाशी दुसरी होडी पाहतील. कानांत घालण्याचीं बोंडें कांहीं रुपयांस मिळतात, इंजिनावर जाड पेटी बसवितां येते. पण ज्या रोगाचें नांवच घ्यावयाचें नाहीं त्याच्यावर पैसा कोण खर्चील? वर शिमग्याला आणि गणपतींत भिंतीएवढे कर्णे आहेतच. आमच्या ढोलांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. वाजविणारा थकतो तेव्हां ढोल थांबतो. हे कर्णे थकत नाहींत.

काकींच्या बाबतींत आम्हीं एक खटपट करून पाहिली. लिलाव पुकारणाऱ्या गृहस्थांकडे जाऊन, बोली तोंडानें सांगतां तशी बोटांनींहि दाखवा, नाहींतर एका पाटीवर खडूनें लिहा, असें आम्हीं सुचविलें. इतकीं वर्षें तोंडानेंच चाललें आहे, असें ते म्हणाले. मग आम्हीं त्यांस आठवण दिली कीं धान्याच्या बाजारांत एके काळीं रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरत. ती रीत लबाडीची म्हणून बंद झाली तें योग्यच झालें, पण उघड्यावर बोटें दाखविण्यांत कसली लबाडी? ते हंसले आणि कबूल झाले. आठ दिवस त्यांनीं बोटें दाखविलीं. काकी त्यांतले पांच दिवस कड्यांत उभ्या होत्या, आणि एकदां त्यांनीं कोळंबीची पाटी आपल्या भावानें घेतली. पुढें गर्दीचा हंगाम आला, त्यांचे हात पैसे मोजण्यांत गुंतले, आणि रीत मोडली. होड्या पुन्हां ऑगस्टांत बाहेर पडतील. त्या आधीं आम्ही त्यांच्याकडे पाटी आणि खडू घेऊन जाणार आहों.