आई, मी बेंचवर आहे!

रविवारी सकाळी साडेसातला माझा मोबाइल वाजला. फ्रीलान्सर माणसाच्या आयुष्यात रविवारी सकाळी साडेसात ही वेळच नसते, तरी उचलला. कारण स्क्रीनवर 'काकू सांगली' असं नाव होतं. काकू म्हणजे माझ्या रूममेटची आई.

"झोपली होतीस का गं?"

"छे हो काकू, कधीच उठले!" (ही थाप सगळेच मारतात.)

"मग एक सांग. कंपनीत बेंचवर बसवतात म्हणजे नक्की काय करतात?"

तर झालं होतं असं, की आदल्या रात्री काकूंनी लेकीला विचारलं, काय गं, काम कसं चाललंय? त्यावर आमच्या मॅडम (या कॉलममध्ये तिला मॅडमच म्हणू या, नाव छापलं तर वाकडच्या फ्लॅटमधून मला सामानासकट बाहेर काढेल) म्हणाल्या, "आई, मी सध्या बेंचवर आहे. आत्ता बोलायला बँडविड्थ नाहीये, नंतर करते." आणि फोन कट! काकांनी ताबडतोब निष्कर्ष काढला, की शाळेत बाकावर उभं करायचे तसली काहीतरी शिक्षा असणार. काकूंना बेंचचं एवढं नव्हतं, त्यांना काळजी बँडविड्थची. "रक्तातलं काही कमी झालंय का?" त्यांनी आवाज एकदम खाली आणून विचारलं.

मी खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू थांबलं. कारण बेंचवरच्या माणसाकडे एकच गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे बँडविड्थ. मग मॅडमची कुठे गेली?

फोन ठेवायच्या आधी काकूंनी फर्मान काढलं होतं. "तू पेपरात लिहितेस ना? मग तिचे ते शब्द मला एकेक करून मराठीत सांग. आणि तिला कळू देऊ नकोस." झालं, आमचे क्लासेस सुरू. रोज दुपारी अडीचला, काकांची वामकुक्षी लागली की. मास कॉमला आमचे सर सांगायचे, वाचकाला समजलं नाही तर चूक वाचकाची नसते. काकूंनी आठवडाभर त्या वाक्याची परीक्षाच घेतली.

पहिला धडा अर्थातच बेंच. मी सांगितलं, की मॅडमच्या कंपनीसारख्या आयटी कंपन्या परदेशातल्या क्लायंटला माणसांचं काम विकतात. जेवढे तास काम, तेवढ्याचं बिल जातं. असं बिल ज्याच्या नावावर जातं, तो माणूस 'बिलेबल'. एक प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळालं नाही, की मधल्या काळात तो बेंचवर. पगार चालू, बिल बंद.

"म्हणजे बारावा गडी," काकू म्हणाल्या. सांगलीकरांना क्रिकेटमधलं सगळं कळतं. "पण बाराव्या गड्याला संघातून काढत नाहीत ना?"

इथे मी पहिल्यांदा 'डिपेंड्स' म्हणाले आणि विषय बदलला. काकूंना नाही सांगितलं ते तुम्हाला सांगते, आणि हिंजवडीची बस पकडणाऱ्यांना ते सांगायचीही गरज नाही. बेंचवर किती दिवस राहता येईल याला बऱ्याच कंपन्यांत मर्यादा असते. तेवढ्या दिवसांत कंपनीतल्याच दुसऱ्या प्रोजेक्टच्या मुलाखती द्यायच्या आणि कुठेतरी चिकटायचं. नाही चिकटलं तर एचआरचा मेल येतो. त्या मेलमध्ये 'काढून टाकलं' असं कधीच लिहिलेलं नसतं. तिथे शब्द असतो 'रिलीज'. गंमत बघा, सॉफ्टवेअर रिलीज झालं की केक कापतात, माणूस रिलीज झाला की लॅपटॉप परत घेतात.

मंगळवारी बँडविड्थ. मूळचा हा शब्द सिग्नलवाल्यांचा. एखाद्या सिग्नलने फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा व्यापलाय, ते हर्ट्‌झमध्ये मोजतात, ती बँडविड्थ. मग इंटरनेटवाल्यांनी तो उचलला. लाइनमधून एका सेकंदात किती डेटा जाऊ शकतो, तर तीही बँडविड्थ. आणि मग मॅनेजर लोकांनी तो माणसाला चिकटवला. माझ्याकडे बँडविड्थ नाही, म्हणजे माझ्या दिवसात आणखी काम मावत नाही.

"सवड नाही," काकू एका क्षणात म्हणाल्या.

"अगदी बरोबर!"

"मग सवड नाही म्हणावं की. पण आईला सवड नाही म्हणायला जड जातं, म्हणून इंग्रजी. होय ना?"

मास कॉमच्या दोन वर्षांत असं विश्लेषण मी ऐकलं नव्हतं.

डेडलाइनच्या वेळी मात्र मी जरा जास्तच शहाणपणा केला. हा शब्द आमच्याही धंद्यातला, त्यामुळे त्याची जन्मकथा मला पाठ होती, आणि मी ती रंगवून सांगायला घेतली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली गोष्ट. दक्षिणेकडच्या सैन्याने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे १८६४ मध्ये युद्धकैद्यांची छावणी उभारली. उंच लाकडी कुंपण, आणि त्या कुंपणाच्या आत काही फुटांवर एक साधासा कठडा. कैद्याने तो ओलांडला की वर मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. तो कठडा म्हणजे 'डेड लाइन'. त्या छावणीत गोळ्यांपेक्षा रोगराईने आणि उपासमारीने कितीतरी जास्त माणसं गेली. सगळी मिळून जवळजवळ १३ हजार. छावणीच्या प्रमुखाला, हेन्री विर्झला, १८६५ मध्ये फाशी झाली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी हा शब्द मजकूर द्यायच्या शेवटच्या वेळेसाठी वापरायला घेतला आणि तिथून तो जगभर गेला.

पलीकडे शांतता. मग काकू म्हणाल्या, "गेली दोन वर्षं पोरगी रोज हा शब्द म्हणायची. मुदत म्हणायचं सोडून." मी चटकन विषय बदलून त्यांना 'बग'ची गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या कॉम्प्युटरमध्ये खरोखरचा पतंग सापडला (दिव्यावर झेपावतो तो, संक्रांतीचा नव्हे), आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याच्या बरीच आधीची, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो शब्द आहे. पण नोंदवहीत चिकटवलेला पुरावा हा असा. काकूंना गोष्ट आवडली. "ओट्याखालच्या झुरळांना आता मी बग म्हणेन," म्हणाल्या.

आता ओट्याचा विषय निघालाच आहे तर मुख्य धड्याकडे येते. मॅडमचं प्रोजेक्ट बुडालं कशामुळे, हे काकूंना समजून घ्यायचं होतं. बुडालं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्हीला आयटीत रुबाबदार नावं आहेत.

पहिली 'स्कोप क्रीप'. प्रोजेक्ट सुरू होताना काय काय करायचं ते लिहून ठरतं, तो स्कोप. मग क्लायंट म्हणतो, एवढा एक रिपोर्ट टाका ना. मग म्हणतो, तो मोबाइलवरही दिसू दे. प्रत्येक मागणी इवलीशी. तारीख तीच, पैसे तेच, काम मात्र मांजराच्या पावलांनी वाढत जातं. नियमाप्रमाणे अशा प्रत्येक मागणीला 'चेंज रिक्वेस्ट' लिहून वेळ आणि पैसे वाढवून घ्यायचे असतात. पण मॅनेजरला क्लायंट दुखवायचा नसतो.

काकूंना हे सांगावंच लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट घालायचा ठरवलं होतं. चार दिवसांचं काम. गवंडी आल्यावर त्या म्हणाल्या, आलाच आहात तर सिंक बदला. सिंक बदललं तर नळाची पाइपलाइन उघडी पडली. ती उघडलीच आहे तर टाइल्स बदलू. टाइल्स नव्या म्हणजे जुना रंग वाईट दिसायला लागला. दीड महिना घरात स्वयंपाक हॉलमध्ये! "आलाच आहात तर," काकू म्हणाल्या, "हे तुमचं स्कोप क्रीप." प्रोजेक्ट मॅनेजमेंटची जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ही व्याख्या घ्यावी. मी तरी घेतली.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. काम रेंगाळलं, तेव्हा मॅडमच्या मॅनेजरने टीममध्ये आणखी पाच 'रिसोर्स' आणले. (रिसोर्स म्हणजे माणसं. हा शब्द मी काकूंना सांगितलाच नाही, तुम्हीही आपल्या आईला सांगू नका.) फ्रेड ब्रुक्स नावाच्या माणसाने याबद्दल १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रोजेक्टचं नेतृत्व त्यांनी केलं होतं, आणि तिथले चटके खाऊन 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सॉफ्टवेअरच्या कामाला आधीच उशीर झालेला असताना माणसं वाढवली, तर उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवायचं कुणी? जे काम करत होते त्यांनीच. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. पाच माणसांत जोड्या होतात १०. दहा माणसांत होतात ४५!

"पुरणपोळ्यांचं तसंच," काकू म्हणाल्या. "लग्नघरात हात बसलेल्या दोघी असतात. उशीर झाला म्हणून कुणीतरी आठ पोरी पाठवतं. मग त्या दोघी लाटायचं सोडून, अगं कणीक अशी घे, पुरण असं भर, हेच सांगत बसतात. पंगत बसली तरी पोळ्या नाहीत."

मॅडम म्हणजे त्या हात बसलेल्या दोघींपैकी एक. तीन महिने ती रात्री अकराला घरी येत होती, दिवसभर पाच नव्यांना शिकवून आणि नंतर स्वतःचं काम करून. शेवटी क्लायंट वैतागला आणि त्याने प्रोजेक्ट गुंडाळलं. पाच नवे लगेच दुसरीकडे गेले, कारण नव्यांचा रेट कमी. आठ वर्षं अनुभवाच्या मॅडम बेंचवर.

स्क्रम आणि स्टँडअप आम्ही शुक्रवारी उरकलं. रोज पंधरा मिनिटं उभ्याने मीटिंग, काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. नाव रग्बीतल्या घोळक्यावरून. "अडलंय कुठे हे रोज विचारतात? चांगलं आहे की," एवढंच काकू म्हणाल्या. मला वाटलं होतं हसतील.

शनिवारी मी स्टेटस रिपोर्ट सांगितला. दर आठवड्याला वरच्यांना कळवायचं, प्रोजेक्ट कसं चाललंय. तीन रंग असतात, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे वाचवा. आता लाल दाखवला की वरचे दहा प्रश्न विचारतात, म्हणून लोक हिरवाच दाखवत राहतात. अशा प्रोजेक्टला आयटीवाले म्हणतात 'वॉटरमेलन'. मी सहज, गंमत म्हणून सांगितलं. कलिंगड. बाहेरून हिरवं, आतून लाल.

काकू काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

"आमची पोरगी कलिंगड झालीय का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तिच्याबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. रोज सकाळी ती आयकार्ड गळ्यात घालून, डबा घेऊन जायची. विचारलं तर म्हणायची, "मस्त, सध्या लर्निंग चाललंय, दोन सर्टिफिकेशन्स करतेय." मलाही हिरवंच दिसत होतं. मी शब्दांवर जगणारी बाई, आणि मी आठवडाभर तिच्या आईला तिचे शब्द समजावत होते, तिला स्वतःला एकदाही नीट विचारलं नव्हतं.

त्या रात्री नऊला सांगलीहून मॅडमचा फोन वाजला. मी हॉलमध्ये होते, पण काकूंचा आवाज स्पीकर नसतानाही ऐकू येतो. "बँडविड्थ असू दे नाहीतर नसू दे. हिरवं की लाल, तेवढं सांग."

बेडरूमचं दार बंद झालं. पाऊण तास. दारातून तुकडे ऐकू येत होते आणि त्यात आयटीचा एक शब्द नव्हता. एक्केचाळीस दिवस झाले. रावेतच्या फ्लॅटचा हप्ता. तीन ठिकाणी विचारलं, सगळ्यांना कमी पगाराचं माणूस पाहिजे. बाबांना सांगू नकोस. भीती वाटते गं आई.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगितलंस ना तिला कलिंगडाचं?" मी मान हलवली. "नालायक," म्हणाली आणि माझ्या ताटातली अर्धी पोळी घेऊन खायला बसली. त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून तिचा सीव्ही नव्याने लिहिला. 'रिसोर्सेस ऑनबोर्ड केले' असं एक वाक्य होतं, ते खोडून तिने पाच जणांना काय काय शिकवलं ते लिहिलं.

याला आता तीन आठवडे झाले. प्रोजेक्ट अजून मिळालेलं नाही. रोज रात्री नऊला सांगलीहून मेसेज येतो, दोनच शब्द: "आज कुठला?" परवा दुसऱ्या टीमच्या मॅनेजरशी मुलाखत झाली, आणि त्याने पुढच्या राउंडला बोलावलंय. म्हणून मॅडमने उत्तर पाठवलं, "पिवळा."

मिनिटभरात फोन. "पिवळा म्हणजे किती टक्के? पुढचा राउंड कधी? तो मॅनेजर स्वभावाने कसा आहे? आणि बोलतेच आहेस तर ते रावेतच्या हप्त्याचं..."

"आई," मॅडम म्हणाल्या, "स्कोप वाढवू नकोस."