गाडी थंड हवी, पण आधी कुलूपबंद हवी

एप्रिल उजाडला की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, गाडी उन्हात उभी असते. परत येऊन आत बसलं की जीव कासावीस होतो. काय करावं?’ उपाय आहेत, ते पुढे सांगतोच. पण त्याआधी मला एक उलट प्रश्न विचारावासा वाटतो: उतरल्यावर तुम्ही गाडीला कुलूप लावता का? घराच्या अंगणात उभी केली तरी?

जून २०२३ मध्ये नागपुरात खेळायला बाहेर पडलेली तीन लहान मुले बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यातल्या एका गावात चार मुले अशीच दगावली. अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७च्या आसपास बालके तापलेल्या गाडीत मृत्युमुखी पडतात. त्यातील निम्म्याहून अधिक पालकांच्या विसरण्यामुळे. आपल्याकडच्या या दोन्ही घटनांत मात्र मुले खेळता खेळता स्वतःच आत शिरली होती. त्यामुळे ‘मुलाला गाडीत सोडून जाऊ नका’ एवढा सल्ला आपल्याला पुरत नाही.

गाडी इतकी का तापते? ऊन काचेतून आत येते आणि डॅशबोर्ड, सीट तापवते. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही आणि गरम हवेलाही वाट नसते. अमेरिकेतील २००५च्या एका अभ्यासात तासाभरात आतील तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. ‘पाच मिनिटांत येतो, काच उघडी ठेवलीय’ हा भरवसा म्हणूनच फोल आहे.

मग सावलीचे काय? ॲरिझोनातील २०१८च्या एका अभ्यासात, पारा ३८ अंशांच्या वर असताना, उन्हातल्या गाड्यांची आतली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे ३८ आणि ४८ होते. फरक मोठा आहे. पण संशोधकांच्या अंदाजानुसार दोन वर्षांच्या बालकाला उन्हातल्या गाडीत सुमारे तासाभरात उष्माघात होऊ शकतो आणि सावलीत दोन तासांच्या आत. म्हणजे सावली धोका टाळत नाही, थोडा लांबवते. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. शिवाय बंद गाडीतली हवा दमट होत जाते, घाम वाळत नाही आणि शरीराची थंड होण्याची वाटच बंद होते.

आता गाडीचे उपाय. शक्यतो सावली गाठा. पुढच्या काचेला चकाकणारा पडदा लावा, स्टिअरिंगवर पंचा टाका. परत आल्यावर चारही दरवाजे उघडून गरम हवा जाऊ द्या, पहिली काही मिनिटे काचा खाली ठेवून चालवा, मग एसी लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून एसीत बसू नका. कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. इन्सुलिन, दम्याचा पंप, सेंटचा स्प्रे, लायटर गाडीत ठेवू नका. साखर अचानक आटोक्याबाहेर गेलेल्या रुग्णाला मी आधी विचारतो, ‘इन्सुलिन कुठे ठेवलं होतं?’

हे सारे सीट आणि आपला जीव सुखावण्यासाठी. मुलांसाठी नियम वेगळे आहेत. उभ्या गाडीचे सर्व दरवाजे आणि डिकी कुलूपबंद ठेवा, चावी मुलांच्या हाताबाहेर. नादुरुस्त, महिनोन्‌महिने उभी असलेली गाडीही याला अपवाद नाही. उलट तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. ‘चाइल्ड लॉक’ लावलेले मागचे दार आतून उघडत नाही, हे लक्षात ठेवा. आत अडकल्यास पुढच्या सीटवर येऊन हॉर्न वाजवत राहायचे, हे मुलांना खेळता खेळता शिकवा. आणि उन्हाळ्यात मूल दिसेनासे झाले, तर विहीर-टाकीबरोबरच आसपासच्या गाड्या लगेच पाहा.

मूल आत सापडलेच, तर काच फोडायला कचरू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघेत ओले थंड कापड ठेवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. १०८ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत अंग थंड करणे थांबवू नका.

आज रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी तपासाल, तेव्हा गाडीचे कुलूपही तपासा.