बंद करून चालू करा!

संगणकाच्या जगात शोध पुष्कळ लागले, पण सर्वात जास्त खपला तो एकच : ‘बंद करून परत चालू करा.’ सर्दीवर सुंठ, तसा हा सर्व बिघाडांवरचा उतारा. माझं स्पष्ट मत आहे, की निदान आभासी संगणकांपुरती तरी या सल्ल्यावर बंदी घालावी.

आभासी संगणक म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेला दुसरा संगणक. थोडक्यात, पोटभाडेकरू! त्याचा जगाशी पत्रव्यवहार तीन तऱ्हांनी चालतो. ‘नॅट’ असेल तर सगळी पत्रं घरमालकामार्फत. बाहेर पत्र जातं, उत्तरही येतं. पण कुणी आपणहून भेटायला आला, तर दारावर पाटीच नाही. ‘ब्रिज’ असेल तर पाटी स्वतंत्र, पत्ता स्वतंत्र. आणि ‘होस्ट-ओन्ली’ असेल तर बोलायचं ते मालकाशी आणि त्याच्या इतर पोटभाडेकरूंशी. उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. आता ही तिसरी तऱ्हा निवडून ठेवली आणि यंत्र शंभरदा बंद-चालू केलं, तर इंटरनेट कुठून येणार? निवड जशीच्या तशी कायम राहते हो!

खरं म्हणजे यंत्र बिचारं आपलं दुखणं स्वतःच सांगत असतं. त्याचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणारा त्याला भेटलेलाच नाही. वाट पाहून त्याने आपलाच आपल्याला एक पत्ता लावून घेतलाय. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटवर १०.०.२.१५ दिसला, तर इथवर ठीक. आकड्यांनी बाहेरचं यंत्र सापडतं, पण नावाने सापडत नाही? मग तार शाबूत आहे, नावांची वही, म्हणजे डीएनएस, बिघडलीय. एका यंत्राची हुबेहूब नक्कल काढून दोन्ही एकाच ब्रिजवर बसवलीत? दोघांचा मॅक पत्ता एकच राहिला असेल, तर एकाचं पत्र दुसऱ्याच्या हाती पडायचंच. आणि कळस म्हणजे, सेटिंगमध्ये ‘केबल जोडली आहे’ असा एक चौकोन असतो. त्यातली खूण गेली, की मुळात नसलेली तारसुद्धा निखळते! मायेचा इतका रोकडा दाखला वेदान्त्यांनाही सापडला नसेल.

बंद-चालू केल्याने कधीकधी खरोखरच चालतं, आणि खरा धोका तोच आहे. नवा पत्ता मिळतो, जुना पुरावा पुसला जातो, सल्लागार शाबासकी घेऊन मोकळा. तोच बिघाड महिनाअखेरीला, पगाराची बिलं करताना परत उगवतो. तेव्हा बोलणी कोण खातं? ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल,’ म्हणून समोर बसलेला कारकून!

तेव्हा यापुढे कुणी फोनवर ‘रिस्टार्ट मारा’ म्हणालं, तर नम्रपणे म्हणा, ‘साहेब, पत्ता काय दिसतोय ते आधी विचाराल का?’ ते बहुधा फोन ठेवून देतील. देऊ देत. निदान त्या जोडणीतला बिघाड कुठल्या टोकाला आहे, एवढं तरी तुम्हाला कळलेलं असेल.