विश्लेषण : आदिमानवाच्या आजीचा शोध समुद्रात का?

प्रजननक्षमता संपल्यानंतरही मादी कित्येक दशके जगते, हे सस्तन प्राण्यांत अतिशय दुर्मीळ. माणूस आणि काही देवमासे याला अपवाद. त्यामुळेच आदिमानवाच्या कुटुंबाचे धागेदोरे शास्त्रज्ञ समुद्रात शोधत आहेत.

कोडे नेमके काय?

उत्क्रांतीच्या हिशेबात संतती महत्त्वाची. मग संतती थांबल्यावर आयुष्य कशासाठी? दात असलेल्या देवमाशांपैकी किलर व्हेल, बेलुगा, नारव्हेल अशा ५ प्रजातींत रजोनिवृत्ती आढळते. या माद्या त्याच आकाराच्या इतर प्रजातींतील माद्यांपेक्षा सुमारे ४० वर्षे जास्त जगतात, असे २०२४ मध्ये एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले.

देवमासेच का?

आदिमानवाची हाडे आणि दगडी हत्यारे सापडतात. पण कोण कोणाला खाऊ घालत होते, हे जीवाश्म सांगत नाहीत. टांझानियातील हाडझा समाजात वयस्क स्त्रिया कंदमुळे खणून नातवंडांना जगवतात, हे क्रिस्टन हॉक्स यांनी टिपले. त्यातून ‘आजी गृहीतक’ पुढे आले. मात्र एकाच प्रजातीवरून नियम ठरत नाही. माणूस आणि देवमासे यांचे पूर्वज सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही दोघांत हेच वैशिष्ट्य स्वतंत्रपणे आले असेल, तर कारणेही सारखी असू शकतात.

निरीक्षणांतून काय दिसले?

अमेरिका-कॅनडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील ‘सदर्न रेसिडेंट’ किलर व्हेलची १९७६ पासून दरवर्षी गणना होते. प्रत्येक प्राणी पाठीवरच्या पराच्या ठेवणीवरून ओळखला जातो. साल्मन मासे कमी असलेल्या वर्षी वयस्क माद्याच कळपाच्या पुढे असतात, असे २०१५ मध्ये दिसले. आईची आई दगावल्यास पुढील २ वर्षांत पिल्लाच्या मृत्यूचा धोका ४.५ पट होतो, हे २०१९ मध्ये समोर आले. दुसरीकडे, माय-लेकी एकाच वेळी व्यायल्या तर आईच्या पिल्लाला धोका १.७ पट जास्त. थोडक्यात, स्वतःची वीण थांबवून घरच्यांना सांभाळणे फायद्याचे ठरते.

तुलनेच्या मर्यादा कोणत्या?

या किलर व्हेलचे मुलगे आणि मुली दोघेही आयुष्यभर आईच्या कळपात राहतात. आदिमानवात मुली दुसऱ्या टोळीत जात असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे देवमासे हा आपल्या भूतकाळाचा आरसा नव्हे. गृहीतक तपासण्याची ती दुसरी संधी आहे.

आता याचे महत्त्व काय?

हा समूह आता जेमतेम ७५ च्या आसपास उरला आहे. अमेरिकेने २००५ मध्येच त्याला संकटग्रस्त ठरवले. चिनूक साल्मनची टंचाई, जहाजांचा गोंगाट आणि प्रदूषण ही मुख्य कारणे. अशा वेळी पिल्ले देऊ शकणाऱ्या माद्या किती, एवढाच हिशेब पुरत नाही. मासे कुठे मिळतील हे ठाऊक असलेली म्हातारी गेली, तर टंचाईच्या वर्षी कळपाला वाट दाखवणारे कोणी उरत नाही.