मेंदूज्वर आणि चित्राचा मोह

ताप, झटके, असंबद्ध बोलणे आणि पाहता पाहता हरपणारी शुद्ध अशा अवस्थेत रुग्णालयात आणलेल्या माणसाचे नातेवाईक एमआरआयसाठी वाटेल तेवढा खर्च करावयास सिद्ध असतात. परंतु पाठीतून पाणी काढावयाचे म्हणताच पुष्कळांचा धीर सुटतो. त्यामुळे मनुष्य लुळा पडतो, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाही. मेंदूज्वराच्या बाबतीत ही वृत्ती प्राणघातक ठरू शकते, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एमआरआयची थोरवी निर्विवाद आहे. हर्पिस विषाणू बहुधा मेंदूच्या कानशिलालगतच्या भागावर घाला घालतो. जपानी मेंदूज्वराच्या खुणा मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमसवर उमटतात. या खुणा दिसल्या म्हणजे निदानास बळकटी येते. मेंदूतील दाब वाढल्याची शंका असल्यास पाणी काढण्यापूर्वी स्कॅन पाहणेच शहाणपणाचे असते. परंतु घाव कोठे झाला हे चित्र दाखविते. तो कोणी घातला हे बहुधा त्या पाण्याच्या तपासणीतूनच कळते. शिवाय प्रारंभी सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो, क्वचित एमआरआयही. निर्दोष चित्र म्हणजे निरोगी मेंदू, असा अर्थ काढणारा फसतो.

वेळेचा प्रश्न याहून गंभीर आहे. हर्पिसच्या मेंदूज्वरात उपचाराअभावी शंभरांपैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. अॅसायक्लोव्हिर वेळीच शिरेतून दिल्यास हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. म्हणूनच संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, हे औषध सुरू करावे असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. बिहारमधील मुझफ्फरपूरचा धडाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथे मेंदूज्वर समजल्या गेलेल्या आजारात, २०१४ सालच्या तपासणीत, पुष्कळ मुलांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरलेली आढळली. ही घसरण रक्ताच्या एका थेंबाने कळते आणि ग्लुकोजने सावरता येते.

प्रत्येक तालुक्याच्या गावी एमआरआय यंत्र नेणे सरकारला लगेच शक्य नसेल. परंतु साखरेची तपासणी, औषधाच्या कुप्या आणि पाणी काढू शकणारा डॉक्टर एवढे तरी आजच असले पाहिजे. शहरातील वाचकांस आमचे सांगणे इतकेच, की डॉक्टरांनी चित्राआधी औषध सुरू केले वा पाणी काढण्यास संमती मागितली, तर त्यांच्या हेतूविषयी शंका घेऊ नये. यंत्राच्या दाराशी ताटकळण्यात गेलेला तास मेंदूला परत मिळत नाही.