वीस तास भरले, गोष्ट अर्धीच

"ताई, तुमचा आवाज कटतोय," असं ती म्हणते तेव्हा बहुतेक वेळा नेटवर्क तिच्याकडचंच गेलेलं असतं. ती तिसरीत, बीड जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेत. मी पुण्यात, एसवायला. मंगळवार-शुक्रवार रात्री साडेआठला आम्ही व्हिडिओ कॉलवर अर्धा तास गोष्ट वाचतो.

जुलैत सुरुवात केली तेव्हा 'कुत्रा' वाचताना ती कु, त, र असं सुटं सुटं म्हणायची. मला गप्प बसवायचं नाही, मी पटकन शब्द सांगून मोकळी. शेवटी तीच वैतागली, "थांबा की ताई, मला वाचू द्या!" तेव्हा कळलं, इथं आपलं मुख्य काम ऐकणं आहे.

आणि अशी ती एकटी नाही. 'असर २०२४'नुसार, देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो.

आमच्या कॉलेजमध्ये या उपक्रमाला क्रेडिट आहे. अट, वीस तास. (हो, मीही क्रेडिटसाठीच नाव दिलं होतं, खोटं कशाला बोलू?) नोव्हेंबरात तास भरले, सर्टिफिकेटचे फोटो स्टेटसला लागले आणि निम्मी मुलं ग्रुपमधून लेफ्ट झाली. नेमकं तेव्हाच, दिवाळीनंतर, तिचे आई-बाबा ऊसतोडीला निघाले. ती सोबत गेली आणि घरातला एकमेव फोनही. ग्रुपवर मेसेज आला, 'विद्यार्थिनी अनुपलब्ध. हवं तर दुसरी घ्या.'

घेतलीही असती. पण दहा दिवसांनी तिच्या बाबांचा मिस्ड कॉल आला. "पोरगी इचारतीय, गोष्टीचं काय झालं?"

माझा राग या तासांच्या हिशेबावर आहे. क्रेडिट द्या, त्याशिवाय आम्ही येणार नाही हेही खरंय. पण मोजायचं तर मूल मोजा. जूनला जोडून दिलेलं मूल एप्रिलपर्यंत त्याच ताई-दादाकडे राहू दे. शाळा गावात राहते, हंगामी वसतिगृहात प्रत्येक मूल राहत नाही, आणि फोन मात्र कोपीपर्यंत जातो. ऑनलाइन वाचनाचा खरा उपयोग तिथंच आहे, आणि तिथंच आपण कॉल बंद करतो! शाळेची जागा हे भरून काढणार नाही, मान्य. पण सहा महिन्यांत 'कुत्रा' पुन्हा सुटा सुटा होऊ नये, एवढं तर होईल.

आता वेळ ठरलेली नसते. बाबा फडावरून आले, फोनला चार्जिंग असलं, की कॉल. ती कोपीबाहेर ट्रॅक्टरपाशी उभी राहते, तिथंच रेंज येते. स्क्रीनवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी पानांचे मोठे फोटो आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवते. रिचार्ज मीच मारते, महिन्यातून एकदा बाहेरची कॉफी कमी.

गोष्टीची सहा पानं राहिलीत. शुक्रवारी टोळी दुसऱ्या फडावर हलणार आहे, तिथं रेंज आहे का ते तिच्या बाबांनाही माहीत नाही.