कोळशाच्या बांधीत प्लॅटिनमची पेरणी

दोस्तांनो, चुलीतल्या विझलेल्या, गार कोळशाचा तुकडा पाण्यात टाका. बुडबुडे येतात ना? ती त्याच्या छिद्रांतली हवा! कारखान्यात ही छिद्रे आणखी वाढवून ‘सक्रिय कोळसा’ करतात. त्याच्या अवघ्या १ ग्रॅममधला सगळा पृष्ठभाग मोजला, तर तो सुमारे १००० चौरस मीटर भरतो. म्हणजे सावलीकडची १० गुंठ्यांची धानाची बांधीच की!

या बांधीत प्लॅटिनम पेरतात. कसे? प्लॅटिनमचा क्षार विरघळलेल्या पाण्यात कोळसा भिजवतात, मग हायड्रोजनने त्या क्षाराचा धातू करतात. महागड्या धातूचे बारीक कण सगळीकडे पसरतात, म्हणून थोडक्यात भागते.

उपयोग काय? तापावरच्या पॅरासिटामॉलचा कच्चा माल करताना पूर्वी लोखंडाचा चुरा नि आम्ल वापरत. मागे गाळाचे ढीग उरत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली तोच माल नायट्रोबेन्झिन, हायड्रोजन आणि प्लॅटिनम बसवलेला कोळसा वापरून करण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात लोखंडाचा गाळच नाही!

मात्र वापरलेली ही भुकटी कोरडी पडली, तर हवेत पेट घेऊ शकते. म्हणून ती ओलीच ठेवतात. तुम्ही आपले बुडबुडेच मोजा, बरं का!